छपाईसाठी शेकडो फोटोंची साईझ एकदम बदलताना रिझोल्यूशन कसं राखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळ्यात आमचं अल्बम डिझाईन आणि प्रिंटिंगचं काम चालतं. साक्री, शिरपूर, दोंडाईचा, पारोळा, अमळनेर इकडचे स्टुडिओवाले येतात, शाळेतले सर-मॅडम येतात, गावच्या मंडळांची पोरं येतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे लग्नाची गर्दी असली की एकेका पेन ड्राईव्हमध्ये हजार-बाराशे फोटो असतात आणि ते सगळे ‘साईझमध्ये’ करून हवे असतात. दुकानात उभ्याउभ्या जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे सवडीनं लिहिली आहेत.

मोबाईलवर फोटो एकदम क्लिअर दिसतो, मग प्रिंटमध्ये का फाटतो?

“फोटो फाटी गया ना भो” हे वाक्य आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. मोबाईलचा स्क्रीन फार लहान असतो. साडेसहा इंची फोनवर एका इंचात चारशेच्या आसपास ठिपके बसवलेले असतात. १६०० × १२०० पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे फोटो ज्यांनी बनतो ते ठिपके) फोटो उभ्या धरलेल्या फोनवर जेमतेम पावणेतीन इंच रुंद दिसतो, म्हणून तो रेखीव वाटतो. तोच फोटो १२ × १८ इंचाच्या कागदावर पसरला की एका इंचाच्या वाट्याला नव्वदच पिक्सेल येतात. मग भुवया धुरकट होतात आणि साडीच्या काठावरची नक्षी चौकोनी तुकड्यांची दिसायला लागते.

पाच बाय पाच फुटांवर केळी लावली तर एकरात १,७४२ खोडं बसतात. तेवढीच खोडं तीन एकरांत लावली तर बाग विरळ दिसणारच. फोटोतले पिक्सेल म्हणजे ही खोडं आणि प्रिंटची साईझ म्हणजे शेत. कॅमेऱ्यानं जेवढी खोडं दिली तेवढीच आपल्या हातात असतात. पुढचे सगळे प्रश्न इथूनच सुटतात.

डीपीआय ७२ चं ३०० केलं की रिझोल्यूशन वाढतं ना?

नाही. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फाईलमध्ये लिहिलेला डीपीआयचा, म्हणजे इंचाला किती ठिपके याचा, ७२ किंवा ३०० हा आकडा म्हणजे शेताच्या बांधावर लावलेली पाटी. पाटी बदलल्यानं खोडं वाढत नाहीत. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. पाटीवर ७२ असेल तर सॉफ्टवेअर म्हणतं, हा ८३ इंच रुंद आहे. पाटीवर ३०० केलं तर म्हणतं, २० इंच रुंद आहे. पिक्सेल दोन्ही वेळेला ६००० × ४०००च.

फोटोशॉपच्या ‘इमेज साईझ’ खिडकीत ‘रीसॅम्पल’ नावाची एक चौकट आहे. तिची टिक काढून ३०० लिहा, फक्त पाटी बदलेल आणि फोटोला धक्का लागणार नाही. टिक ठेवून ३०० लिहिलंत तर सॉफ्टवेअर पिक्सेल नव्यानं घडवतं. ७२ चं ३०० करताना ते चारपटीहून जास्त रुंद फाईल बनवतं, फाईल शेकडो एमबीची होते, कॉम्प्युटर दम टाकतो आणि नव्यानं आलेल्या पिक्सेलमध्ये खरी माहिती काहीच नसते. असे फुगवलेले फोटो आमच्याकडे येतात तेव्हा आम्ही आधी मूळ फाईल मागतो.

एक बारकावा. पीपीआय म्हणजे एका इंचात फोटोचे किती पिक्सेल, आणि डीपीआय म्हणजे मशीन कागदावर एका इंचात शाईचे किती थेंब टाकतं. बाजारात दोन्हीला डीपीआयच म्हणतात आणि काम अडत नाही. पण प्रिंटरच्या खोक्यावर २४०० किंवा ४८०० लिहिलेलं पाहून तेवढ्या रिझोल्यूशनचा फोटो बनवायला जाऊ नका.

कुठल्या साईझला किती पिक्सेल लागतात?

इंचांना ३०० नं गुणायचं. नेहमीच्या साईझ अशा:

पासपोर्ट ३५ × ४५ मिमी: ४१३ × ५३१
४ × ६ इंच: १२०० × १८००
५ × ७ इंच: १५०० × २१००
ए-फोर: २४८० × ३५०८
८ × १२ इंच: २४०० × ३६००
१२ × १८ इंच: ३६०० × ५४००
१२ × ३६ करिझ्मा शीट (अल्बमची मध्ये घडी येणारी लांब शीट): ३६०० × १०८००

साध्या १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलचा मूळ फोटो ४००० × ३००० असतो, म्हणजे १३ × १० इंचापर्यंत तो ३०० नं आरामात जातो. ‘माझा फोन ५० मेगापिक्सेलचा आहे’ असं बरेच जण सांगतात. असे फोन नेहमीच्या मोडमध्ये चार-चार ठिपके एकत्र करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचीच फाईल देतात. पूर्ण पन्नास हवे असतील तर कॅमेऱ्यात तो मोड वेगळा निवडावा लागतो आणि उजेड भरपूर असेल तरच त्याचा फायदा होतो.

३०० पाहिजेतच का? २०० चालत नाहीत?

हातात धरून बघायच्या अल्बमला ३०० असावेत. २४० पर्यंत सहसा कुणाला फरक कळत नाही. २०० ला मी अजून ‘हो’ म्हणतो. भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमला १५० पर्यंत उतरतो, त्याखाली गिऱ्हाईकाला आधी सांगून मगच छापतो.

हे आकडे आले डोळ्यावरून. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढी बारीक गोष्ट वेगळी ओळखता येते. त्यावरून साधा हिशोब निघतो: ३४३८ ला अंतराच्या इंचांनी भागा, तेवढे पिक्सेल दर इंचाला पुरे. एक फुटावरून, म्हणजे १२ इंचांवरून बघायचा फोटो असेल तर २८६ येतात, म्हणून ३०० ची रूढी. दहा फुटांवरून बघायचा फ्लेक्स असेल तर २९ च येतात.

म्हणून कानबाईच्या उत्सवाचा किंवा लग्नाचा १० × ८ फुटी फ्लेक्स ३०० वर बनवायचा हट्ट धरू नका. ७२ वरसुद्धा तो ८६४० × ६९१२ पिक्सेलचा होतो आणि तेवढं भरपूर आहे. मोबाईलचा ४००० पिक्सेलचा मूळ फोटो अख्ख्या १० फुटांवर ताणला तरी इंचाला ३३ पिक्सेल येतात, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला तो स्वच्छच दिसतो. मंडपाच्या दारात ज्याच्याशेजारी उभं राहून लोक फोटो काढतात, त्या फ्लेक्सचं मात्र वेगळं आहे. तिथे अंतर तीन फूट, म्हणून शंभराच्या आसपास पिक्सेल हवेत. आणि फ्लेक्सवरची नावं फोटोत मिसळून पाठवू नका. ती कोरलड्रॉमध्ये अक्षरं म्हणूनच राहू द्या, कितीही मोठी केली तरी फाटत नाहीत.

बॅच चालवण्याआधी काय तयारी करायची?

बॅच म्हणजे फोल्डरमधल्या सगळ्या फोटोंवर एकच काम एकदम चालवणं. त्याआधी मूळ फोटोंची कॉपी. सगळ्यात आधी हेच, आणि यात कधीही सूट नाही.

एका हळदीचे अकराशे फोटो मी रात्री ४ × ६ ला बॅचमध्ये लावले होते. सेव्ह कुठे करायचं, तिथे ‘त्याच फोल्डरमध्ये’ असं निवडलेलं राहिलं. सकाळी सगळे फोटो १२०० × १८०० चे झालेले, नाव तेच, मूळ फाईलीवरच बसलेले. कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या लग्नासाठी आधीच फॉरमॅट झालं होतं. पोस्टकार्ड साईझचे प्रिंट सुंदर आले, घरचे खूश होते, म्हणून मी गप्प राहिलो. आठ महिन्यांनी त्याच घरातला मोठा मुलगा आला. आजी गेली होती. हळदीत तिनं नातसुनेच्या गालाला हळद लावताना हसून मान वळवली होती, तो फोटो त्याला १६ × २० इंचात हवा होता. माझ्याकडे १२०० × १८०० पिक्सेलच होते, म्हणजे इंचाला पंचाहत्तर. मी त्याला सगळं खरं सांगितलं. मग फोटो ८ × १० ला छापला, इंचाला १५० पिक्सेल पडले, भोवती रुंद पांढरा माउंट घालून १६ × २० च्या फ्रेममध्ये बसवला. फ्रेम चांगली दिसते. पण तिच्या हाताच्या सुरकुत्या, नखांत अडकलेली हळद मूळ फाईलमध्ये होती, ती आता कुठेच नाही. तेव्हापासून ‘मूळ’ नावाचा फोल्डर दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर पडल्याशिवाय मी बॅचचं बटण दाबत नाही.

तर कामाची पद्धत अशी: ‘मूळ’ फोल्डरला हात लावायचा नाही. त्याची कॉपी ‘काम’ मध्ये. तयार झालेले फोटो ‘४बाय६’, ‘१२बाय३६’ अशा वेगळ्या फोल्डरमध्ये. फोटो निवडायचे, नको ते काढायचे, रंग-उजेड ठीक करायचा, हे सगळं आधी, मोठ्या फाईलवरच. साईझ कमी करणं सगळ्यात शेवटी. आधी लहान करून मग क्रॉप करणारे लोक हातातले पिक्सेल दोनदा गमावतात.

फोटोशॉपमध्ये एकदम कसं करायचं?

दोन वाटा आहेत. घाई असेल तर ‘फाईल’ मेनूतल्या ‘स्क्रिप्ट्स’ मध्ये ‘इमेज प्रोसेसर’ आहे. फोल्डर द्या, ‘रीसाईझ टू फिट’ मध्ये जास्तीत जास्त रुंदी-उंची लिहा, क्वालिटी १२ ठेवा, एसआरजीबीची (फोटो लॅबला चालणाऱ्या रंगपद्धतीची) टिक लावा. तो ‘जेपीईजी’ नावाचा वेगळा फोल्डर करून त्यात फोटो ठेवतो, त्यामुळे मूळ फोटो सुरक्षित राहतात.

दुसरी वाट ॲक्शनची, म्हणजे पावलं एकदा रेकॉर्ड करून सगळ्या फोटोंवर चालवायची. इथे नवे ऑपरेटर हमखास अडकतात. एक आडवा फोटो उघडून ‘रुंदी १८००’ अशी ॲक्शन रेकॉर्ड करतात आणि सगळ्या फोल्डरवर चालवतात. मग उभ्या फोटोंचीही रुंदी १८०० होते, उंची २७००, आणि अर्धे फोटो वेगळ्याच मापाचे निघतात. त्याऐवजी ‘फाईल’ मधल्या ‘ऑटोमेट’ खाली ‘फिट इमेज’ घ्या आणि रुंदी-उंची दोन्हीकडे १८०० लिहा. म्हणजे जी बाजू लांब असेल ती १८०० होते, फोटो उभा असो की आडवा. तिथेच ‘डोन्ट एन्लार्ज’ ची टिक लावा, म्हणजे लहान फोटो उगाच फुगत नाहीत. त्यानंतर त्याच ॲक्शनमध्ये ‘इमेज साईझ’ उघडून, रीसॅम्पलची टिक काढून, ३०० लिहा. ही दोन पावलं याच क्रमानं घ्या.

आणि ॲक्शनमध्ये ‘सेव्ह ॲज’ रेकॉर्ड केलं असेल तर बॅचच्या खिडकीत ‘ओव्हरराईड ॲक्शन सेव्ह ॲज’ ची टिक लागतेच लागते. ती राहिली तर सगळे फोटो रेकॉर्ड करतानाच्या त्याच एका नावावर, एकावर एक सेव्ह होत जातात आणि शेवटी फोल्डरमध्ये एकच फोटो उरतो.

फोटोशॉप नाही. फुकटात होईल का?

होतं, आणि चांगलं होतं. विंडोजवर इरफानव्ह्यू घ्या. १९९६ पासून चालत आलेला हलकाफुलका प्रोग्राम आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही पळतो. उघडून कीबोर्डवरचं ‘बी’ दाबा, बॅचची खिडकी येते. ‘ॲडव्हान्स्ड’ मध्ये लांब बाजूचं माप द्या, प्रमाण राखण्याची टिक ठेवा, लहान फोटो मोठे न करण्याची टिक ठेवा, डीपीआयच्या रकान्यात ३०० लिहा. ‘रीसाईझ’ पेक्षा ‘रीसॅम्पल’ निवडा, त्यात कडा स्वच्छ राहतात. जेपीईजीच्या ऑप्शनमध्ये क्वालिटी ९५ च्या पुढे न्या. हा प्रोग्राम घरगुती वापराला मोफत आहे. दुकानात धंद्यासाठी वापरायचा तर लायसन्स घ्यावं.

एक्सएनकन्व्हर्ट त्याच जातीचा, तो मॅक आणि लिनक्सवरही चालतो. धंद्यालाही पूर्ण मोफत हवं असेल तर डिजिकॅम बघा, त्यात ‘बॅच क्यू मॅनेजर’ आहे. शिकायला एक दुपार जाते, पण मग अडत नाही. ज्यांना काळ्या खिडकीत कमांड लिहिता येते त्यांच्यासाठी इमेजमॅजिकसारखं काही नाही. फक्त त्यातली ‘मॉग्रिफाय’ ही कमांड मूळ फाईलवरच लिहिते, म्हणून ती नेहमी कॉपीच्या फोल्डरवर चालवा.

४ × ६ केल्यावर माणसांची डोकी का कापली गेली?

कारण कॅमेऱ्याच्या चौकटीचं आणि कागदाचं प्रमाण जुळत नाही. डीएसएलआरचा फोटो ३:२ असतो, तो ४ × ६, ८ × १२, १२ × १८ मध्ये चपखल बसतो. मोबाईलचा फोटो ४:३ असतो. तो ४ × ६ मध्ये पूर्ण भरायचा तर उंचीतला नववा भाग कापावाच लागतो. डीएसएलआरचा फोटो ८ × १० मध्ये घातला तर लांबीतला सहावा भाग जातो. ग्रुप फोटोत हा सहावा भाग म्हणजे टोकाला उभी असलेली नवरीची मावशी.

बॅचला कुणाचं डोकं कुठे आहे ते कळत नाही, ती मध्य धरून दोन्हीकडून सारखं कापते. म्हणून मी फोटोंचे आधी दोन ढीग करतो. ज्यात भोवती मोकळी जागा आहे ते बॅचमध्ये. ग्रुप फोटो, विधींचे जवळून काढलेले फोटो, काठाला माणूस चिकटलेला प्रत्येक फोटो हातानं क्रॉप. अकराशेत असे दीडशे-दोनशे निघतात, तास-दीड तास जातो, पण तो द्यावा. कापायचंच नसेल तर बाजूला पांढरी पट्टी सोडून पूर्ण फोटो छापता येतो, शाळेच्या वर्गाच्या फोटोला मी तेच सुचवतो.

ताणून बसवू मात्र नका. प्रमाणाची साखळी तोडून मापात कोंबलेला फोटो लगेच ओळखू येतो: चेहरे रुंद, हार लंबगोल, कपाळाची टिकली चपटी.

करिझ्मा शीटवर आणखी दोन गोष्टी सांभाळा. १२ × ३६ च्या बरोबर मध्यावर घडी येते, तिथे चेहरा ठेवू नका. आणि चारही कडांना तीन मिलिमीटर तरी कटिंगमध्ये जातात, म्हणून नावं आणि हातपाय आत घ्या.

व्हॉट्सॲपवर आलेले फोटो चालतील का?

साधे पाठवले तर लांब बाजू बहुतेक १६०० पिक्सेलवर येते आणि वर दाबही पडतो. ४ × ६ ला ते चालून जातात, अल्बमला नाही. २०२३ मध्ये एचडीचा पर्याय आला, तो बरा आहे, पण तोही मूळ फोटो नव्हे. मूळ फाईल हवी असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, किंवा गूगल ड्राईव्हची लिंक. बहिणीच्या, मित्रांच्या मोबाईलमधले फोटो अल्बममध्ये घ्यायचे असतात तेव्हा हे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगून ठेवा. महिन्याभरानं त्यांच्याही फोनमधून ते गेलेले असतात.

लहान फोटो मोठा करताच येत नाही का? एआयनं तर होतं म्हणतात.

थोडा मोठा करता येतो. फोटोशॉपमधलं ‘प्रिझर्व्ह डीटेल्स’ दीडपट-दुपटीपर्यंत नीट काम देतं. एआयची साधनं चारपटही करतात आणि झाडं, भिंती, कपडे यांवर त्यांचं काम खरंच चांगलं आहे. चेहऱ्याच्या बाबतीत मी फार जपून असतो.

साक्रीकडचे एक दादा वडिलांचा फोटो घेऊन आले होते. दहाव्याच्या आधी फ्रेम हवी होती. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला, चारशे पिक्सेलचा फोटो. भाच्यानं तो कुठल्याशा ॲपमधून आधीच ‘क्लिअर’ करून आणला होता. पागोटं छान, मिशा छान, डोळे काचेसारखे चमकणारे. दादांनी तो स्क्रीनवर मोठा केलेला पाहिला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हाई मना बाप नई शे.” हा माझा बाप नाही. डाव्या डोळ्याखाली वडिलांना औताचा मार लागून वण पडला होता. मशीननं तो डाग समजून पुसला होता. ज्या वणावरून ते त्यांना ओळखत होते, तोच गेला होता.

आम्ही त्यांना घरी पाठवून कागदी फोटो शोधायला लावला. बँकेच्या जुन्या पासबुकावर पासपोर्ट साईझचा एक सापडला. तो १२०० पीपीआयवर स्कॅन केला. ३५ × ४५ मिमीच्या फोटोतून साधारण १६५० × २१२५ पिक्सेल मिळतात, म्हणजे ८ × १० ला दोनशेच्या वर. जुन्या कागदाचे दाणे दिसत होते, एक घडी होती, ती हातानं बुजवली. वण जागेवर होता.

म्हणून आधी कागदी फोटो शोधा. रेशन कार्ड, पासबुक, ट्रंकेतला अल्बम, नातेवाइकांकडची लग्नाची पिशवी. मिळाला की मोबाईलनं त्याचा फोटो काढू नका, फ्लॅटबेड स्कॅनरवर काच पुसून ६०० ते १२०० वर स्कॅन करा. एआय वापरलाच तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय छापू नका.

जेपीईजी पुन्हा पुन्हा सेव्ह केलं तर खरंच खराब होतं?

हो. जेपीईजी फोटोचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करून प्रत्येकातली बारीक माहिती थोडी टाकून देतं. प्रत्येक नव्या सेव्हला हे पुन्हा होतं. काम चालू असताना पीएसडी किंवा टिफमध्ये ठेवा आणि शेवटी एकदाच जेपीईजी करा. नुसतं उघडून बघण्यानं किंवा कॉपी करण्यानं काही होत नाही.

स्क्रीनवरचे रंग आणि प्रिंटचे रंग वेगळे का येतात?

हा विषय मोठा आहे. साईझ बदलताना जेवढं सांभाळायचं तेवढंच सांगतो. फोटो लॅबला द्यायच्या फाईली एसआरजीबीमध्ये ठेवा आणि बॅचमध्ये प्रोफाईल (रंग कसे वाचायचे ती माहिती) फाईलला जोडलेला राहू द्या. कॅमेऱ्यात अडोबी आरजीबी लावलेला असेल आणि बॅचनं तो न बदलता प्रोफाईल गाळून टाकला, तर हळदीचा पिवळा मळकट होतो आणि शालू फिका पडतो. आयफोनचे फोटो बऱ्याचदा एचईआयसी फॉरमॅटमध्ये आणि रुंद रंगांच्या डिस्प्ले पी-थ्रीमध्ये असतात. त्यांना बॅचमध्येच एसआरजीबीच्या जेपीईजीत बदला. सीएमवायके (चार शाईंची रंगपद्धत) फक्त ऑफसेटला, म्हणजे लग्नपत्रिका, स्मरणिका, आणि तेही प्रेसवाल्याला विचारून. फोटो लॅबला सीएमवायके देऊ नका.

साईझ कमी केल्यावर शार्प करायचं का?

थोडं. लहान केल्यावर कडा मऊ पडतात, म्हणून शार्पनिंग साईझनंतर, आधी नाही. मॅट आणि टेक्स्चर कागदाला ग्लॉसीपेक्षा किंचित जास्त लागतं. आजी-आजोबांच्या चेहऱ्यावर जास्त शार्प केलं तर सुरकुत्या काळ्या रेघांसारख्या होतात. तिथे हात आखडता घ्या.

शाळेच्या पाचशे-सहाशे ओळखपत्रांचे फोटो कसे करावेत?

इथे बॅचचा खरा फायदा आहे, पण फोटो काढतानाच शिस्त लागते. मूल नेहमी एकाच खुणेवर उभं करा, कॅमेरा स्टँडवर, अंतर बदलू नका. उंचीप्रमाणे फक्त स्टँड वरखाली करा. मग डोकं चौकटीत प्रत्येक वेळी एकाच जागी येतं आणि एकच क्रॉप सगळ्यांना लागू होतो. ४१३ × ५३१ ला बॅच मिनिटांत संपते. फाईलींना हजेरी क्रमांकानुसार नावं द्या, ‘७अ_०१’ अशी, आणि एक मूल गैरहजर असेल तर त्या क्रमांकावर कोऱ्या पाटीचा फोटो काढून ठेवा. नाहीतर तिथून पुढे सगळ्या वर्गाची नावं एकानं सरकतात.

सगळं काम बॅचनंच करावं का?

चाळीसगावचे केकी मूस (१९१२ ते १९८९) हे आपल्या खान्देशातले मोठे छायाचित्रकार. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून त्यांनी अख्खी दृश्यं उभी केली, आणि तीही घराबाहेर न पडता. त्यांच्या घरातलं संग्रहालय एकदा बघून या. एकेका फोटोला त्यांनी दिलेला वेळ त्या प्रिंटमध्ये दिसतो.

मी माझ्यापुरती वाटणी केली आहे. ४ × ६ चे शेकडो प्रिंट, ओळखपत्रं, गिऱ्हाईकाला निवडायला द्यायचे लहान फोटो: सगळं बॅचनं. अल्बमचं पहिलं पान, आईवडिलांचा मोठा फोटो, भिंतीवर जाणारी कुठलीही फ्रेम: मूळ फाईलवरून, एकेक, हातानं.

छापायला देण्याआधी काय तपासू?

तयार फोल्डरमधले पाच-सहा फोटो शंभर टक्क्यांवर उघडा आणि डोळे, केस, दागिने बघा. त्यात एक उभा, एक आडवा, एक रात्रीचा, एक कुणाच्या मोबाईलवरून आलेला असू द्या. फाईलींची संख्या ‘काम’ फोल्डरशी जुळते का मोजा. साईझनुसार लावून बघा: बाकीच्यांपेक्षा फारच लहान फाईल दिसली तर ती बहुतेक व्हॉट्सॲपची असते. मोठ्या कामाला एक ४ × ६ चा नमुना काढून घ्या. १२ × ३६ च्या शीटमधला चेहऱ्याचा तुकडा त्याच मापात ४ × ६ वर छापला की पूर्ण शीट कशी येईल ते आधीच कळतं, आणि खर्च एका छोट्या प्रिंटचाच.

फाईली कशा आणू?

पेन ड्राईव्हमध्ये, झिप न करता. फोल्डरच्या नावातच साईझ, कागद आणि किती प्रती ते लिहा, जसं ‘४बाय६_मॅट_२प्रती’. आणि ‘मूळ’ फोल्डर घरी राहू द्या.